कुलमुखत्यार : प्रॉडक्ट ओनर या भूमिकेची घडण

या मालेत आम्ही आजवर बहुधा जुन्या गोष्टी सांगत आलो. आजचा विषय जेमतेम तीस वर्षांचा, आणि तोही संगणकाच्या क्षेत्रातला. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने सॉफ्टवेअरवर का बोलावे, असे काहींच्या मनात येईल. पण ज्या भूमिकेविषयी बोलायचे आहे तिच्या मुळाशी असलेला प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. वस्तू घडवतो एक, वापरतो दुसरा. मग ती कशी असावी हे ठरवायचे कोणी? आणि वापरणारा समोर हजरच नसेल, तर त्याच्या वतीने बोलायचा अधिकार कोणाचा? तो अधिकार माणसाच्या अंगी येतो कसा?

सॉफ्टवेअरच्या जगात असे बोलणाऱ्याला 'प्रॉडक्ट ओनर' म्हणतात. ज्यांना हे क्षेत्र परके आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अजाइल पद्धतीत पाच-सात, फार तर दहा जणांचा चमू दोन-तीन आठवड्यांच्या टप्प्यांनी सॉफ्टवेअर तयार करतो. या टप्प्याला स्प्रिंट म्हणतात. करायच्या कामांची एक लांबलचक यादी असते, तिला बॅकलॉग म्हणतात. त्या यादीत वर काय, खाली काय आणि कशाला जागाच नाही, हे ठरवणारी व्यक्ती एकच असते. ती प्रॉडक्ट ओनर. ओनर म्हणजे मालक. पण गंमत बघा, हा मालक कशाचाच मालक नसतो. पैसा कंपनीचा, कोड लिहिणारे हात चमूचे, वापरणारे लोक तिसरेच. आपल्या कोर्टकचेरीच्या भाषेत याहून नेमका शब्द आहे : कुलमुखत्यार. जमीन त्याची नसते, पण मालकाच्या नावाने सही तो करतो, आणि ती सही मालकाला बांधून टाकते. प्रॉडक्ट ओनरचा इतिहास म्हणजे या मुखत्यारपत्राचा इतिहास आहे, असे आम्हांला वाटते.

प्रश्न पहिल्यांदा नीट मांडला तो प्लेटोने. 'रिपब्लिक'च्या दहाव्या प्रकरणात चित्रकार आणि कवी यांच्यावर टीका करता करता तो जाता जाता एक भेद सांगतो. कुठल्याही वस्तूच्या संदर्भात तीन कला असतात : वापरण्याची, घडवण्याची आणि नक्कल करण्याची. लगाम कसा असावा हे खरे कोणाला कळते? तो शिवणाऱ्या चर्मकाराला नव्हे, घोडेस्वाराला. वाद्य चांगले की वाईट, हे वादक कारागिराला सांगतो. कारागीर त्याच्या शब्दावर भरवसा ठेवून पुढचे वाद्य घडवतो. म्हणजे ज्ञान वापरणाऱ्यापाशी, आणि घडवणाऱ्यापाशी त्या ज्ञानावर ठेवलेला योग्य विश्वास. आपल्याकडे मिरजेला तंबोरे घडवणाऱ्यांची घराणी आहेत. कारागिराचा कान कमी तयार असतो असे मुळीच नाही. पण जवारी मनासारखी लागली की नाही, याचा शेवटचा शब्द ज्याला त्या तंबोऱ्याला बसून गायचे आहे त्याचाच.

प्लेटोचे उदाहरण सुटसुटीत आहे, कारण वादक एकच आहे आणि तो दुकानात येऊन बोलतो आहे. पण वादक लाखभर असले, त्यांचे आपसात पटत नसले आणि त्यांतला एकही दुकानाची पायरी चढत नसला तर? मोठ्या कारखानदारीने नेमकी हीच परिस्थिती निर्माण केली, आणि मग मधे एक माणूस बसवावा लागला.

असा माणूस मागणारे एक पत्रक प्रसिद्ध आहे. 13 मे 1931 रोजी अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीत नील मॅकएलरॉय नावाच्या तरुणाने ते लिहिले. त्याच्याकडे कॅमे साबणाच्या जाहिरातीचे काम होते, आणि कंपनीच्याच आयव्हरी साबणापुढे कॅमे झाकोळून जात होता. त्याने मागणी केली की प्रत्येक साबणामागे एक जबाबदार माणूस असावा. कुठे खपतो, कुठे खपत नाही, का नाही, हे सगळे त्याने बघावे. मागितली होती खरे तर दोन जास्तीची माणसे. त्यातून 'ब्रँड मॅन' नावाचा हुद्दा आला आणि पुढे प्रॉडक्ट मॅनेजर हा सगळा वंश. हा मॅकएलरॉय नंतर कंपनीचा अध्यक्ष झाला आणि 1957 मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्रीही. असो.

आम्हांला जास्त महत्त्वाचा वाटतो तो जपानी धागा. टोयोटा कंपनीत प्रत्येक मोटारीसाठी एक 'शुसा' नेमत, म्हणजे मुख्य अभियंता. 1955 च्या क्राउन गाडीचे केन्या नाकामुरा, 1966 च्या करोलाचे तात्सुओ हासेगावा ही त्यांतली गाजलेली नावे. हासेगावा मूळचे विमानांचे अभियंते. विमानाच्या कारखान्यात एका विमानामागे एक मुख्य रचनाकार असतो, ती रीत मोटारीकडे आली. आता या शुसाची अडचण ऐका. गाडीच्या कल्पनेपासून विक्रीपर्यंतची जबाबदारी त्याची. पण इंजिनवाले, बॉडीवाले, चाचणीवाले आपापल्या खातेप्रमुखाच्या हाताखाली. त्यांच्या बढत्या-बदल्या त्याच्या हातात नाहीत. उत्तर द्यायचे सगळ्याचे, हुकूम मात्र फारच थोड्यांना. तरी लोक त्याचे ऐकत. का ऐकत?

युजी योकोया यांचे उदाहरण घ्या. 2004 सालच्या मॉडेलच्या सिएना या कुटुंबाच्या गाडीचे ते मुख्य अभियंता. गाडी उत्तर अमेरिकेत विकायची होती, आणि त्या बाजारासाठी त्यांनी पूर्वी काम केलेले नव्हते. तेव्हा या गृहस्थांनी अमेरिकेचे प्रत्येक राज्य, कॅनडाचा प्रत्येक प्रांत आणि मेक्सिको, असा 53,000 मैलांचा, म्हणजे सुमारे 85,000 किलोमीटरचा प्रवास गाडीने केला. सान्ता फे या जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांत गाडी वळेना, तेव्हा वळणाची त्रिज्या कमी करायचे ठरले. मिसिसिपी ओलांडताना पुलावरचा आडवा वारा किती ढकलतो ते हातांना कळले. तिकडचे लोक गाडीतच खातात-पितात आणि मागच्या सीटवर मुलांचे राज्य असते, हे जपानमध्ये बसून कोणी सांगितले असते तर नुसती माहिती झाली असती. आता बॉडीवाल्या खात्याने 'हे कशाला हवे' असे विचारले, तर योकोयांपाशी उत्तर होते. प्लेटोच्या भाषेत बोलायचे तर हा माणूस वादक नव्हता, पण वादकाच्या शेजारी इतका काळ बसला की त्याच्या वतीने बोलण्याइतका कान त्याला आला.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. 1970 मध्ये विन्स्टन रॉइस यांनी मोठ्या सॉफ्टवेअरच्या व्यवस्थापनावर एक निबंध लिहिला. आधी सगळ्या गरजा लिहून काढा, मग आराखडा, मग कोड, मग चाचणी, अशी पायऱ्यांची उतरंड त्यात आकृतीने दाखवली आहे. लोकांनी ती आकृती उचलली आणि तिच्याखालचा मजकूर सोडून दिला. रॉइस स्वतः सांगत होते की ही सरळसोट रीत धोक्याची आहे आणि ग्राहकाला वेळोवेळी कामात ओढले पाहिजे. विद्यार्थी पुस्तकातल्या चौकटी पाठ करतात आणि परिच्छेद गाळतात, तसाच हा प्रकार. पुढे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएमच्या अवाढव्य प्रकल्पातला अनुभव 1975 मध्ये पुस्तकरूपाने मांडला. रचनेत एकसंधता हवी असेल तर ती एका किंवा मोजक्या डोक्यांतून यावी लागते, हा त्यांचा आग्रह. 1986 मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली : सॉफ्टवेअर बांधण्यातले सर्वांत अवघड काम म्हणजे नेमके काय बांधायचे ते ठरवणे. हे सगळ्यांना पटले. पण ते ठरवणारा माणूस कोण, हे कोणी सांगितले नाही.

ते ठरवण्याची खरी परीक्षा झाली क्रायस्लर या मोटार कंपनीत, आणि ती गोष्ट जरा सावकाश सांगण्यासारखी आहे. कंपनीत पगारवाटपाच्या अनेक जुन्या संगणकप्रणाली होत्या. त्या सगळ्यांच्या जागी एकच नवी आणायची, अंतिमतः सुमारे 87,000 लोकांचा पगार तिच्यातून काढायचा, असा बेत. प्रकल्पाचे नाव सी-थ्री. काम अडले होते, तेव्हा 1996 मध्ये केंट बेक यांना बोलावले. त्यांनी रॉन जेफ्रीज यांना आणले. तिथे जी पद्धत घडली तिला पुढे 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग' हे नाव पडले. तिचा एक नियम असा की ग्राहकाचा माणूस चमूबरोबर त्याच खोलीत बसला पाहिजे. पगाराचे काम जाणणारी व्यक्ती तिथे रोज असायची. गरजा कार्डांवर लिहायच्या, कोणते कार्ड आधी घ्यायचे ते सांगायचे, झालेले काम बरोबर की चूक ते तपासायचे. किती वेळ लागेल हे प्रोग्रॅमर सांगणार. काय आधी हवे हे ग्राहक सांगणार. दोघांनी एकमेकांच्या प्रांतात ढवळाढवळ करायची नाही. अधिकारांची इतकी स्वच्छ वाटणी सॉफ्टवेअरमध्ये त्याआधी फारशी कोणी केली नव्हती.

1997 मध्ये सुमारे 10,000 लोकांचा पगार या नव्या प्रणालीतून निघू लागला. ठरल्यापेक्षा उशीर झाला तो एक-दोन महिन्यांचाच, आणि त्याचेही मुख्य कारण असे की पगाराचे काही नियम नक्की काय आहेत हे वेळेवर स्पष्ट झाले नाही. कोड लिहिणे अडले नव्हते. त्यानंतर काही महिन्यांत ग्राहकाची बाजू सांभाळणारी ती व्यक्ती ताणाने थकून काम सोडून गेली. तिची जागा भरून काढणारे दुसरे कोणी मिळाले नाही. पुढची दोन वर्षे काम चालले, पण पगाराचा दुसरा मोठा गट त्या प्रणालीवर आलाच नाही. 1998 मध्ये डाइमलरने क्रायस्लर घेतली, आणि 1 फेब्रुवारी 2000 रोजी प्रकल्प बंद झाला. बंद पडण्याला इतरही कारणे होती. प्रणालीच्या वेगाची तक्रार होती, मालकी बदलली होती. तरी ज्या खुर्चीवर सगळा तोल होता ती रिकामी राहिली, हे कारण लहान म्हणता येणार नाही.

आता त्यातला विरोधाभास पाहा. बेक यांचे पुस्तक 1999 मध्ये आले. त्यात ज्या बारा रीती सांगितल्या, त्यांत एक होती आठवड्याला चाळीस तासच काम करण्याची, म्हणजे प्रोग्रॅमर थकू नयेत. आणि दुसरी होती खोलीत बसणाऱ्या ग्राहकाची. त्या ग्राहकाचे तास कोण मोजणार, याचा विचार राहून गेला. ती बाई किंवा तो बाबा दिवसभर प्रोग्रॅमरांच्या प्रश्नांना उत्तरे देणार, आणि संध्याकाळी आपल्या खात्यात जाऊन तिथल्या दहा साहेबांना समजावणार की तुमचे काम यादीत खाली का गेले. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या अभ्यासकांनी पुढे अशा ग्राहक-प्रतिनिधींच्या मुलाखती घेऊन संशोधन केले. त्यांचा निष्कर्ष चटका लावणारा आहे : लोकांना ही पद्धत आवडते, पण त्या एका खुर्चीवरचा भार कोणालाही फार काळ पेलवत नाही. बेक यांनी 2004 च्या दुसऱ्या आवृत्तीत या रीतीची मांडणी बदलली. खोलीतल्या एकट्या ग्राहकाऐवजी संपूर्ण चमू आणि खऱ्या ग्राहकांचा सहभाग, असे शब्द आले.

दुसरीकडे, स्क्रम नावाच्या पद्धतीत हीच खुर्ची वेगळ्या नावाने मांडली जात होती. 1986 मध्ये ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स वगैरे कंपन्यांवर लेख लिहिला आणि रग्बीची उपमा वापरली. चेंडू हातोहात देत सगळा संघ एकत्र पुढे सरकतो, तसे. जेफ सदरलँड यांनी 1993 मध्ये ईझल नावाच्या कंपनीत ती कल्पना सॉफ्टवेअरला लावली; 1995 मध्ये केन श्वाबर आणि सदरलँड यांनी ती परिषदेत मांडली. 2001 च्या फेब्रुवारीत युटामधल्या स्नोबर्ड येथे सतरा जण जमले, त्यांनी अजाइलचा जाहीरनामा काढला, ती कथा तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. तिच्यात आम्ही वेळ घालवत नाही. आपल्या कामाचे एवढेच, की प्रॉडक्ट ओनर ही कल्पना टोयोटाच्या मुख्य अभियंत्यावरून घेतल्याचे सदरलँड यांनी पुढे स्वतःच लिहिले.

2010 पासून स्क्रमची अधिकृत मार्गदर्शिका निघू लागली. ती छोटीशी आहे, आणि आम्ही ती जरा जुन्या शास्त्रग्रंथासारखी, शब्द चाचपत वाचली. दोन बदल लक्षात ठेवण्यासारखे आहेत. 2011 मध्ये बॅकलॉगच्या वर्णनातला 'अग्रक्रम' जाऊन 'क्रम' आला. तुम्ही म्हणाल, यात काय मोठेसे? कचेरीत काम केलेल्या माणसाला विचारा. 'अत्यंत तातडीचे' असा शिक्का दहा फायलींवर मारता येतो. पण फायली एकावर एक रचायच्या म्हटल्या की सगळ्यांत वर एकच राहते. अग्रक्रमाने सगळ्यांना खूश ठेवता येते, क्रमाने कोणाला तरी दुखवावेच लागते. दुसरा बदल 2020 चा. तिथे 'भूमिका' हा शब्द गेला आणि 'उत्तरदायित्व' या अर्थाचा शब्द आला. भूमिका वठवता येते. नट वठवतो तशी. उत्तरदायित्व वठवता येत नाही. काही गोष्टी मात्र बदलल्या नाहीत : ही व्यक्ती एकच असावी, समिती नसावी, काम दुसऱ्यावर सोपवले तरी जाब तिनेच द्यावा, आणि सगळ्या संस्थेने तिच्या निर्णयांचा मान राखावा.

हा शेवटचा मुद्दा कागदावर सोपा आहे. टोयोटाच्या शुसाला संस्थेने लेखी मान फारसा दिलाच नव्हता. त्याने तो ज्ञानाने मिळवला. सी-थ्रीमधल्या व्यक्तीपाशी ज्ञान होते, पण पाठीशी पुरेसे बळ नव्हते. आणि तिसराही एक प्रकार आहे, जो आपल्या पुण्यात घरोघरी सापडेल.

टाटा कन्सल्टन्सीची स्थापना 1968 ची. तेव्हापासून भारतीय संगणक उद्योगाचा मोठा भाग दुसऱ्या देशांतल्या ग्राहकांसाठी काम करत आला. पुण्याची संध्याकाळ होते तेव्हा न्यूयॉर्कला सकाळ असते. साडेनऊ तासांचे अंतर, हिवाळ्यात साडेदहाचे. अजाइल आले तेव्हा प्रश्न पडला की ग्राहक खोलीत बसवायचा कसा? मग इथल्याच एखाद्या अनुभवी माणसाला 'प्रॉक्सी प्रॉडक्ट ओनर' केले गेले. म्हणजे मुखत्याराचा मुखत्यार. नाव मालकाचे, काम बहुतेकदा जासुदाचे.

आमची एक जुनी विद्यार्थिनी, एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतलेली, अशाच जागेवर गेली. अमेरिकेतल्या विम्याच्या दाव्यांचे सॉफ्टवेअर. ती भेटायला आली तेव्हा म्हणाली, "सर, माझं पदनाम बदललं, पण शुक्रवारी रात्रीचा फोन काही बदलला नाही. तिकडून यादी येते, मी ती सोमवारी टीमला वाचून दाखवते. कोणी विचारलं 'हे का हवंय', तर मी म्हणते, विचारून सांगते. वर्षभर मी फक्त विचारून सांगते आहे." आम्ही तिला प्लेटोचा तो उतारा पुन्हा वाचायला सांगितला, यापलीकडे आमची काही कर्तबगारी नाही. पुढचे तिचे तिने केले. ग्राहकांच्या तक्रारींचे जे फोन येतात ते ऐकायची परवानगी तिने मागितली. तीन महिने रात्री कान लावून बसली आणि वहीत टिपत गेली. दावे भरणाऱ्या कारकुनांना एकच पान पुन्हा पुन्हा छळत होते : चूक झाली की भरलेले सगळे पुसले जायचे. यादीत मात्र वरच्या जागेवर होता वरिष्ठांसाठीचा एक रंगीत अहवाल. तिने पहिल्यांदाच लिहून पाठवले की अहवाल खाली जाईल आणि हे पान वर येईल, आणि सोबत वहीतल्या पंचवीस तक्रारी जोडल्या.

तिकडून उत्तर यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत तिला झोप नव्हती, असे ती सांगते. मान्य झाले, पण एकाच स्प्रिंटपुरते. त्यानंतरची दुसरी सूचना मान्य झाली, तिसरी सरळ फेटाळली गेली, आणि चौथ्या वेळी तर तिला न विचारताच वरून क्रम बदलला. पण मधल्या काळात चमूतल्या मुलांनी 'विचारून सांगा' म्हणणे सोडले होते; ती 'का' सांगू शकत होती. आणि ती भांडायलाही शिकली होती, यादी बदलण्याचा हक्क कोणाचा, हे लेखी मागून घेण्यापर्यंत. ते लेखी उत्तर गेल्या महिन्यापर्यंत आले नव्हते.

श्रोत्यांतून मघाशी एक चिठ्ठी आली आहे : असा माणूस अभ्यासक्रमाने तयार होतो का, प्रमाणपत्रे मिळतात त्यांचे काय? प्रमाणपत्राने शब्द कळतात, तेवढ्यापुरते ते ठीक. योकोयांचे 53,000 मैल आणि आमच्या विद्यार्थिनीच्या तीन महिन्यांच्या रात्री कुठल्याही दोन दिवसांच्या वर्गात बसत नाहीत. आणि दुसरी अर्धी गोष्ट तर शिकणाऱ्याच्या हातातच नाही : मुखत्यारपत्रावर सही मालकाला करावी लागते. आणखी दोन चिठ्ठ्या आहेत, त्या घेऊ. त्यातली एक सहकारी संस्थांच्या सचिवांबद्दल आहे आणि ती आम्हांला फार आवडली आहे.